काडतुसाला ऊन दाखवावं का?

काळ्या दारूच्या, म्हणजे बंदुकीच्या जुन्या दारूच्या, जमान्यात या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं होतं. 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा, 10 टक्के गंधक हे तिचं साधारण प्रमाण. शुद्ध सोरा ओल फारशी धरत नाही. कच्च्या सोऱ्यात राहिलेले कॅल्शियमचे क्षार मात्र पावसाळी हवेत पाझरतात. भिजलेल्या दारूतला सोरा विरघळून वेगळा होतो आणि वाळवली तरी ती पहिल्यासारखी पेटत नाही. 1633 साली मोगलांनी सुरुंगानं दौलताबादचा तट उडवला तो याच दारूच्या जोरावर, आणि परंडा, नळदुर्गाच्या तोफाही हिच्यावरच चालल्या. कोरडी ठेवली तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिके. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र तर कोठारातली दारू आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यायला सांगतं.

1884 साली फ्रान्समध्ये नायट्रोसेल्युलोजची (आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसाची) बिनधुराची दारू निघाली आणि गणित उलटलं. ही दारू आपोआप कुजते. त्यातून सुटणारे नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू कुजणं आणखी वाढवतात, आणि तापमान दहा अंशांनी चढलं की वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. तूलाँ बंदरात 1907 मध्ये 'येना' आणि 1911 मध्ये 'लिबेर्ते' या युद्धनौका अशाच दारूनं गेल्या. दारू टिकावी म्हणून तिच्यात मिसळलेलं डायफिनाइलअमाइन हे रसायन ते वायू शोषतं, पण तेही हळूहळू संपतं.

काडतुसाच्या पितळी कवचाचं दुखणं वेगळंच. ब्रिटिश हिंदी फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवली की मानेशी तडकत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि घडणीत पितळेत राहिलेला ताण असं हे त्रिकूट 1921 साली नीट उलगडलं. मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, घोडदळाची छावणी होती. आता घोडे नसले तरी गोठ्यातही तोच अमोनिया असतो.

तेव्हा परवान्याची काडतुसं माळवदाच्या घरात आतल्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावीत. पत्र्याखाली नकोत, मेमध्ये बाहेर 42 अंश असले तर आत त्याहून चढतं. चामडी पट्ट्यातही ठेवू नयेत, पितळेवर हिरवा कळंक धरतो. ओलीनं फुगलेलं कागदी काडतूस बंदुकीच्या चेंबरमध्ये, म्हणजे ते बसवायच्या खोबणीत, अडकतं. बार फुसका गेला तर बंदुकीची नळी तपासल्याशिवाय दुसरा टाकू नये: आत डाट (दारू आणि छऱ्यांमधला बोळा) अडकलेला असला तर नळी फाटते. आंबूस वास आला किंवा कळंक खोल गेला तर काडतूस उघडू नये, वाळवूही नये; पोलीस ठाण्याला कळवून त्यांच्या हवाली करावं.