पेटंट संपले, गुपित राहिले

गाभण घोडीच्या मूत्रातून मिळणाऱ्या इस्ट्रोजेन संप्रेरकांचे मिश्रण असलेले प्रीमॅरिन हे औषध रजोनिवृत्तीच्या त्रासावर दिले जाते. अमेरिकेत त्याला 1942 मध्ये मान्यता मिळाली आणि त्याची मूळ पेटंटे संपूनही कित्येक दशके उलटली. पेटंट संपले की कोणीही ते औषध बनवू शकतो, असा आपला समज असतो आणि पेटंट कायद्याच्या दृष्टीने तो बरोबरही आहे. तरीही या औषधाची नक्कल सोपी ठरली नाही.

पेटंट हा समाजाशी केलेला सौदा आहे. त्या क्षेत्रातल्या जाणकाराला वाचून तसेच करता येईल इतक्या तपशिलाने शोध उघड करायचा आणि त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून साधारणपणे 20 वर्षे इतरांना तो वापरण्यापासून रोखायचे. व्यापारी गुपिताला अशी मुदत नसते, पण ते जपण्यासाठी वाजवी खबरदारी घ्यावी लागते आणि एकदा फुटले की ते परत मिळत नाही. एकच माहिती उघड आणि गुप्त दोन्ही राहू शकत नाही. मात्र एका उत्पादनात माहितीचे अनेक थर असतात. विकत घेतलेली वस्तू उलगडून जे कळते, ते गुपित म्हणून टिकत नाही, म्हणून त्याचे पेटंट घ्यावे. वस्तू कितीही तपासली तरी जे हाती लागत नाही, ते झाकून ठेवता येते. अर्ज केल्यानंतर सुचलेल्या सुधारणाही त्यातच मोडतात. अर्ज करताना मात्र शोध चालण्यासाठी आवश्यक तपशील दडवला, तर पेटंटच रद्द होऊ शकते. हा नियम मला अत्यंत योग्य वाटतो, कारण त्याशिवाय सौद्याला अर्थच उरत नाही.

प्रीमॅरिनची गोळी प्रयोगशाळेत तपासता येते, पण मूत्रातून ही संप्रेरके कोणत्या पायऱ्यांनी वेगळी केली, हे गोळी सांगत नाही. ‘ब्रँडाइस प्रक्रिया’ या नावाने ओळखली जाणारी ती पद्धत हे औषध बनवणाऱ्या वाएथ कंपनीने गुप्त ठेवली. 1997 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कृत्रिम घटकांपासून बनवलेल्या नकलेला मान्यता देण्यास नकार दिला, कारण मूळ औषधातले क्रियाशील घटक पुरेसे निश्चित झालेले नव्हते. म्हणजे नक्कल करणाऱ्याला पुन्हा घोडीच्या मूत्राकडे, अर्थात त्या गुप्त पद्धतीपाशीच यावे लागले. दुसऱ्या एका कंपनीने वाएथच्या निवृत्त शास्त्रज्ञाकडून ती मिळवल्याचे न्यायालयात सिद्ध झाले आणि 2003 मध्ये तिच्यावर मनाई हुकूम बजावला गेला. स्वतःच्या संशोधनातून कोणी तीच पद्धत शोधून काढली असती, तर वाएथला त्याला अडवता आले नसते.