सीमेवर एकट्या आलेल्या मुलांना संरक्षण कसं मिळालं?

अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर पकडलेल्या परदेशी मुलांना कुठे आणि किती दिवस डांबून ठेवायचं, हा वाद चाळीस वर्षं कोर्टात चालला आहे. १९८५ मध्ये मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरच्या यादवी युद्धातून जीव वाचवून आलेल्या १५ वर्षांच्या एका मुलीला इमिग्रेशन खात्याने पकडलं, बेड्या घातल्या, कपडे उतरवून झडती घेतली आणि कॅलिफोर्नियात पासाडेना इथल्या एका जुनाट मोटेलात ठेवलं. मोटेलाभोवती काटेरी तारा, आतला पोहण्याचा तलाव कोरडा, आणि मुलं राहायची ती ओळखदेख नसलेल्या प्रौढ पुरुष-बायकांसोबत. नातेवाईक तिला न्यायला तयार होते. पण आई-वडील किंवा कायदेशीर पालक आल्याशिवाय सोडणार नाही, असा खात्याचा हट्ट होता. कागदपत्रं नसलेले आई-बाप पुढे आले, तर त्यांनाच अटक होण्याची भीती. मुलाला आमिष करून पालकांना पकडणं म्हणतात ते हेच.

तिच्या आडनावाने ओळखला जाणारा फ्लोरेस खटला १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि तिथे सरकार ७ विरुद्ध २ मतांनी जिंकलं. तरी वकिलांनी पाठ सोडली नाही. अखेर जानेवारी १९९७ मध्ये तडजोड झाली : मुलांना विनाकारण अडकवायचं नाही, आई-वडील नसतील तर इतर नातेवाइकांच्या हवाली करायचं, आणि ठेवावंच लागलं तर सुरक्षित, स्वच्छ जागी. हा संसदेने केलेला कायदा नव्हता, कोर्टातला करार होता. त्याचं बळ आणि त्याचा कच्चेपणा, दोन्ही त्यातच आहे.

मुलं घर का सोडतात, याचं उत्तर बरंचसं अमेरिकेतच सापडतं. एल साल्वादोरच्या युद्धात (१९८०-९२) सुमारे ७५ हजार माणसं मेली, आणि तिथल्या सरकारला शस्त्रं आणि पैसा वॉशिंग्टनहून जात होता. पळून लॉस एंजेलिसला पोचलेल्यांच्या पोरांमधून ‘एमएस-१३’सारखी टोळी उभी राहिली. १९९६ च्या कडक कायद्यानंतर त्यांतल्या अनेकांना विमानात बसवून परत धाडलं गेलं, ते युद्धाने खिळखिळ्या झालेल्या देशांत. टोळ्या तिथे फोफावल्या. दुकानदाराकडून ‘रेंता’, म्हणजे हप्ता. पोरांना टोळीत ओढायचं, पोरींवर हक्क सांगायचा, नकार दिला तर गोळी. २०१२ मध्ये होंडुरासमध्ये दर लाख लोकांमागे ९० खून झाले, तेव्हाचा जगातला सर्वाधिक दर. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालासाठी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने ४०४ मुलांशी बोलून पाहिलं. त्यांतल्या ५८ टक्के मुलांना आंतरराष्ट्रीय संरक्षणाची गरज असू शकते, असं दिसलं. त्या आर्थिक वर्षात सीमेवर ६८ हजारांहून अधिक एकटी मुलं पकडली गेली होती.

तोवर कायदा थोडा पुढे सरकला होता. २००८ च्या मानवी तस्करीविरोधी कायद्याने एकट्या मुलांना ७२ तासांत सीमा पोलिसांकडून आरोग्य खात्याच्या ताब्यात द्यायचं बंधन आलं. मेक्सिकन मुलांना मात्र जुजबी चौकशी करून परत पाठवता येतं. सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क कुणालाच नाही. एका ज्येष्ठ इमिग्रेशन न्यायाधीशाने तर साक्षीत सांगितलं होतं, की तीन-चार वर्षांच्या मुलांना आपण कायदा शिकवला आहे! निर्वासित म्हणून आश्रय मागण्याचा खटला त्या वयाच्या मुलाने स्वतः लढवायचा, हा विचारच क्रूर आहे.

२०१८ मध्ये ट्रम्प सरकारने ‘झीरो टॉलरन्स’च्या, म्हणजे अजिबात गय न करण्याच्या, नावाखाली हजारो मुलं आई-बापांपासून तोडली; जूनमध्ये कोर्टाने ते थांबवलं. पुढच्या वर्षी सरकारी वकिलाने अपील न्यायालयात असा युक्तिवाद केला, की करारात साबण आणि टूथब्रशचा उल्लेख नाही. मुलं त्या वेळी ‘इएलेरा’त, म्हणजे बर्फाच्या पेटीसारख्या थंडगार कोठड्यांत, सिमेंटच्या जमिनीवर चंदेरी पातळ पांघरुणाखाली झोपत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये न्यायालयाने ठणकावलं : साबण, स्वच्छ पाणी आणि झोप हे ‘सुरक्षित व स्वच्छ’ यात येतंच.

बालहक्क संहितेवर अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण ती अंतिमतः न स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा तो एकमेव सदस्य देश. त्यामुळे कोठडीतल्या मुलांसाठी वकील आजही १९९७ च्या कराराचाच आधार घेतात. आरोग्य खात्यावरची त्याची बरीचशी देखरेख २०२४ मध्ये संपली. मे २०२५ मध्ये सरकारने उरलेला करारही रद्द करायची मागणी केली. ऑगस्टमध्ये या करारावर देखरेख करणाऱ्या न्यायाधीश डॉली गी यांनी ती फेटाळली.