रग्बीतली टेस्ट आणि विश्वचषक: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

रग्बीत टेस्ट म्हणजे पाच दिवसांचा खेळ नव्हे. दोन देशांचे मुख्य संघ, १५ विरुद्ध १५, ८० मिनिटं, की झाली टेस्ट. विश्वचषकाची फायनल हीसुद्धा टेस्ट, आणि जुलैच्या कडाक्याच्या थंडीत न्यूझीलंडमधल्या डनीडनला झालेला दौऱ्यावरचा सामनाही टेस्टच. दोन्हीकडे खेळाडूच्या नावापुढे लागणारी ‘कॅप’, म्हणजे देशासाठी खेळल्याची नोंद, एकच. क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या कानांना हे आधी पटवून द्यावं लागतं, नाहीतर ‘दौऱ्यावरच्या टेस्टना स्पर्धेतल्या सामन्यांइतकी किंमत आहे का’ हा वाद कशावरून आहे तेच कळत नाही. विश्वचषक सोडून बाकी सगळं म्हणजे ‘मैत्रीपूर्ण सामने’, असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. मला ते मान्य नाही, आणि त्याचं कारण इतिहासात आहे.

पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला २७ मार्च १८७१ रोजी, एडिनबराच्या रेबर्न प्लेसवर. स्कॉटलंडने इंग्लंडला हरवलं. तेव्हा एका बाजूला २० खेळाडू असत. पहिला विश्वचषक आला १९८७ मध्ये. म्हणजे मधली ११६ वर्षं जगज्जेता ठरवण्याची सोयच नव्हती, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

या काळाची मला सर्वात आवडती खूण आपल्याकडूनच गेलेली आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब १८७०च्या दशकात बंद पडायला आला, तेव्हा सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवले आणि त्याचा एक चषक घडवून घेतला. त्याच्या तीन मुठी म्हणजे तीन नाग आहेत, फणा काढलेले, आणि झाकणावर हत्ती उभा आहे. हा चषक त्यांनी इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. क्लबची सूचना अशी होती की फुटबॉलच्या चषकासारखी दरवर्षी याची स्पर्धा भरवा, किंवा तुम्हाला योग्य वाटेल तसा वापरा. संघटनेने स्पर्धा भरवली नाही. तो इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यासाठी राखून ठेवला. १८७९ पासून दोन्ही देश ‘कलकत्ता कप’साठी खेळत आले आहेत. हाती आयती स्पर्धा आली असतानाही त्या लोकांना दोन देशांमधला एकच सामना जास्त मोलाचा वाटला, हे मला फार बोलकं वाटतं.

पुढे दौरे सुरू झाले. न्यूझीलंडच्या संघाने १९०५ मध्ये ब्रिटनचा मोठा दौरा केला आणि त्या बेटांवर एकच सामना गमावला, कार्डिफला वेल्सविरुद्ध, ३-०. न्यूझीलंडच्या बॉब डीन्सचा नाकारलेला ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवणं) खरोखर रेषेपलीकडे होता की नव्हता, यावर शंभर वर्षं उलटून गेली तरी दोन्ही देशांत वाद घातला जातो. एखाद्या मैत्रीपूर्ण सामन्याबद्दल कोण एवढं भांडेल?

पण टेस्ट मालिका म्हणजे काय हे समजायला न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांच्याकडेच जावं लागतं. पहिली मालिका १९२१ ची. एकेक सामना दोघांनी जिंकला आणि वेलिंग्टनला तिसरा ०-० सुटला. १९३७ मध्ये आफ्रिकेने न्यूझीलंडमध्ये येऊन मालिका जिंकली. १९४९ मध्ये न्यूझीलंड आफ्रिकेत ४-० हरला, आणि तिथल्या वर्णभेदापुढे मान तुकवून त्या दौऱ्यावर माओरी खेळाडूंना नेलंच नव्हतं. १९५६ मध्ये घरच्या मैदानांवर ३-१ असा हिशेब चुकता झाला, तेव्हा अख्खा देश रेडिओला कान लावून होता.

या सामन्यांचं वजन किती होतं ते १९८१ च्या दौऱ्यात दिसलं. वर्णभेदी आफ्रिकेचा संघ आल्यावर न्यूझीलंड उभा दुभंगला. हॅमिल्टनला आंदोलक मैदानात घुसले आणि सामना रद्द करावा लागला. ऑकलंडच्या ईडन पार्कवर शेवटची टेस्ट चालू असताना एक छोटं विमान पुन्हा पुन्हा मैदानावरून खाली झेपावत होतं आणि त्यातून पिठाच्या पिशव्या टाकल्या जात होत्या. एक पिशवी न्यूझीलंडच्या एका खेळाडूला लागून तो खाली पडला. तरीही सामना पूर्ण झाला. ॲलन ह्युसनच्या अखेरच्या पेनल्टीवर न्यूझीलंडने २५-२२ असा सामना जिंकला आणि मालिकाही. त्या विजयाचा आनंद कसा मानायचा, हे तिथल्या अनेकांना आजही ठरवता आलेलं नाही.

विश्वचषकाचा निर्णय मार्च १९८५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत झाला, १० विरुद्ध ६ मतांनी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी तो रेटला होता. स्कॉटलंड आणि आयर्लंड विरोधात होते, कारण स्पर्धा आली की पैसा येणार आणि हौशी खेळ संपणार ही भीती. ती भीती दहा वर्षांत खरी ठरली. ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी अधिकृतपणे व्यावसायिक झाली.

त्याच वर्षी विश्वचषकाच्या फायनलला मंडेला आफ्रिकेच्या संघाची हिरवी जर्सी घालून मैदानात आले, दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १५-१२ हरवलं, आणि विश्वचषक काय करू शकतो ते जगाला कळलं. मात्र पुढच्याच वर्षी काय झालं ते फार कमी लोक सांगतात. ऑगस्ट १९९६ मध्ये प्रिटोरियाला न्यूझीलंडने आफ्रिकेच्या भूमीवरची पहिली टेस्ट मालिका जिंकली. १९२८ पासून पाच पिढ्या जाऊन रिकाम्या हाती परतल्या होत्या. शिट्टी झाली तेव्हा खेळाडू जागच्या जागी गवतावर आडवे झाले. विश्वचषक त्यांनी १९८७ मध्येच, पहिल्याच खेपेला जिंकला होता. हे मात्र त्यांच्या हातून तोवर झालं नव्हतं.

विश्वचषकाच्या बाजूनेही एक भक्कम मुद्दा आहे. दौऱ्यांचं जग मूठभर देशांचं होतं. प्रशांत महासागरातल्या छोट्या सामोआने १९९१ च्या विश्वचषकात कार्डिफमध्ये वेल्सला १६-१३ हरवलं आणि जगाला त्यांची नोंद घ्यावी लागली. न्यूझीलंडच्या संघातून सामोअन वंशाचे कितीतरी खेळाडू खेळले, पण तो संघ टेस्ट खेळायला सामोआच्या राजधानीत, आपियाला, पहिल्यांदा गेला २०१५ मध्ये. भारताने पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९९८ मध्ये सिंगापूरशी खेळला. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळ्यात चिखलात रग्बी खेळणाऱ्यांना मोठ्या देशाचा दौरा ही स्वप्नातली गोष्ट आहे. अशा देशांना वर चढायला शिडी मिळते ती स्पर्धेतूनच.

मोठ्या देशांपुरतं बोलायचं तर आयर्लंडचं उदाहरण डोळ्यांसमोरून हलत नाही. न्यूझीलंडला त्यांनी पहिल्यांदा हरवलं २०१६ मध्ये शिकागोला, १११ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. जुलै २०२२ मध्ये ते न्यूझीलंडला गेले, ईडन पार्कवर ४२-१९ असा मार खाल्ला, मग डनीडन आणि वेलिंग्टन जिंकून मालिका २-१ ने घेतली. एक सामना नशिबाने जिंकता येतो. त्या देशात, त्या प्रेक्षकांसमोर, पहिली टेस्ट हरून लागोपाठ दोन जिंकणं नशिबाने होत नाही. पुढच्या वर्षी १४ ऑक्टोबरला पॅरिसजवळच्या स्टाद द फ्रान्सवर विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत हेच दोन संघ समोर आले. आयर्लंड सलग १७ टेस्ट जिंकून आलेला. ८० मिनिटं संपत आली, ते चार गुणांनी मागे होते आणि चेंडू त्यांच्या हातात होता. ३७ वेळा टॅकल झालं, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडलं गेलं, ३७ वेळा त्यांनी चेंडू राखला. मग न्यूझीलंडचा सॅम व्हाइटलॉक चेंडूवर वाकला आणि सगळं संपलं: २८-२४. उपांत्यपूर्व फेरी आयर्लंडला आजवर ओलांडता आलेली नाही. २०२२ ची मालिका त्यामुळे पुसली गेली असं म्हणणारे भेटतात. मी तरी ते म्हणणार नाही.

शिवाय हे दोन हिशेब वेगळे राहिलेलेच नाहीत. २००३ पासून जागतिक क्रमवारी आहे आणि प्रत्येक टेस्टमागे दोन संघांत गुणांची देवाणघेवाण होते. विश्वचषकातल्या सामन्यांना दुप्पट वजन असतं, बाकी सगळ्या टेस्टना सारखंच. विश्वचषकाचे गट याच क्रमवारीवरून पडतात. २०२३ चे गट डिसेंबर २०२० मध्येच पाडले, तेही १ जानेवारी २०२० च्या क्रमवारीवरून. मधल्या साडेतीन वर्षांहून जास्त काळातल्या टेस्टना त्यात जागाच नव्हती. परिणाम असा झाला की स्पर्धा सुरू होताना पहिल्या पाच क्रमांकांवर असलेले सगळे संघ सोडतीच्या एकाच बाजूला अडकले आणि पहिले चार उपांत्यपूर्व फेरीतच एकमेकांना भिडले. दुसऱ्या बाजूला, ऑगस्टमध्ये घरच्या ट्विकनहॅम मैदानावर फिजीकडून हरलेला इंग्लंड उपांत्य फेरीत पोचला आणि अवघ्या एका गुणाने फायनलला मुकला. त्या चुकीनंतर २०२७ चे गट डिसेंबर २०२५ पर्यंत लांबवले, म्हणजे नोव्हेंबरच्या टेस्ट जमेस धरता येतील.

२०२६ पासून जुलै आणि नोव्हेंबरच्या टेस्टही एका स्पर्धेत बांधल्या जात आहेत. १२ देश, गुणतालिका, शेवटी लंडनला अंतिम टप्पा. त्याच वर्षी न्यूझीलंडचा दक्षिण आफ्रिकेचा दौरा आखला आहे, जुन्या पद्धतीचा, मधल्या दिवसांत स्थानिक संघांशी सामने आणि मग टेस्ट मालिका. त्या मालिकेला गुणतालिका नाही.