क्लस्टर फाइल सिस्टिमला पॅच लावणे

अनेक सर्व्हरनी एकाच वेळी माउंट केलेल्या, म्हणजे वापरासाठी जोडून घेतलेल्या, आणि एकाच डिस्कसाठ्यावर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या फाइल सिस्टिमला क्लस्टर फाइल सिस्टिम म्हणतात. तिच्यातला दोष काढणारे किंवा सुरक्षेची फट बुजवणारे सॉफ्टवेअर क्लस्टरमधल्या (सर्व्हरच्या जोडलेल्या समूहातल्या) प्रत्येक नोडवर, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर बसवणे, म्हणजे प्रशासकांच्या बोलीत ‘पॅच मारणे’. एकट्या सर्व्हरवर हे काम सरळ असते: सेवा थांबवा, पॅकेज बदला, सेवा सुरू करा. क्लस्टरमध्येही पॅकेज बदलायला फार वेळ लागत नाही. जपावे लागते ते मधल्या काळात, कारण तेव्हा काही नोड नव्या आवृत्तीवर, काही जुन्या आवृत्तीवर असतात आणि तरीही सगळे त्याच डिस्कवर लिहीत असतात.

या कुळात लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) 2006 साली दाखल झालेल्या ओसीएफएस२ आणि जीएफएस२, महासंगणकांवर दिसणारी लस्टर आणि आयबीएमची जीपीएफएस या प्रमुख फाइल सिस्टिम आहेत. जीपीएफएसचा पाया आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेतल्या ‘टायगर शार्क’ प्रकल्पात घातला गेला. 1998 मध्ये ती बाजारात आली, 2015 मध्ये तिचे नाव ‘स्पेक्ट्रम स्केल’ झाले आणि 2023 पासून ‘स्टोरेज स्केल’. प्रशासक मात्र अजून जीपीएफएसच म्हणतात आणि तिच्या कमांडही जुन्या ‘एमएम’ या अक्षरांनीच सुरू होतात. पुढचे बहुतेक तपशील तिचेच आहेत.

एक-एक नोड बाजूला काढून दुरुस्त करायचा आणि बाकीच्यांनी काम चालू ठेवायचे, ही रीत ‘रोलिंग अपग्रेड’ म्हणून ओळखली जाते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 1983 मध्ये आपल्या व्हॅक्स संगणकांना एकत्र जोडणारे व्हॅक्सक्लस्टर आणले. त्या घराण्यात व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या एकाच क्लस्टरमध्ये काही काळ नांदू शकत, त्यामुळे ही रीत तिथे चांगलीच रुळली. आज जवळपास प्रत्येक विक्रेता ती देऊ करतो, पण अटी घालून: कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर जाता येते याचा तक्ता असतो आणि त्यातली पायरी गाळून थेट वर उडी मारता येत नाही.

या अटी कागदी नाहीत. नोड आपापसात लॉकच्या, म्हणजे फाइल वापरण्याच्या तात्पुरत्या हक्काच्या, देवाणघेवाणीचे निरोप पाठवतात. एखाद्या फाइलचा तुकडा एका नोडच्या मेमरीत बदललेला असेल, तर दुसऱ्याला तो देण्याआधी पहिल्याने डिस्कवर लिहून लॉक सोडला पाहिजे. या निरोपांची रचना दोन्ही बाजूंना सारखीच कळावी लागते. जीपीएफएसमध्ये प्रत्येक नोडचा स्वतःचा लॉग (बदलांची नोंदवही) डिस्कवर असतो; तो नोड कोसळला तर जिवंत नोडांपैकी कोणीतरी तो लॉग वाचून अर्धवट राहिलेले बदल पूर्ण करतो. नव्या आवृत्तीच्या नोडने लिहिलेला लॉग जुन्या आवृत्तीच्या नोडला वाचावा लागेल, असा प्रसंग रोलिंग अपग्रेडच्या ऐन मध्यात येऊ शकतो. म्हणून नवे सॉफ्टवेअर बसले तरी ते लगेच नव्या पद्धतीने लिहू लागत नाही; सगळा क्लस्टर नव्या पातळीवर आल्याचे प्रशासकाने जाहीर करेपर्यंत ते जुन्याच भाषेत बोलते.

प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी पाहायचा असतो कोरम. क्लस्टरचे दोन तुकडे पडून दोघांनीही स्वतंत्रपणे लिहू नये, यासाठी ठरावीक नोडांपैकी निम्म्याहून अधिक जिवंत असावे लागतात. कोरमचे नोड तीन असतील तर दोन पुरतात. पण पॅचसाठी एक मुद्दाम बंद केलेला असताना दुसरा अपघाताने पडला, तर उरलेला एकटा काही करू शकत नाही आणि संपूर्ण क्लस्टरवर फाइल सिस्टिम अनमाउंट होते. पाच असतील तर तीन लागतात, म्हणजे एक हाताखाली असताना आणखी एक गमावण्याची मुभा राहते. दोनच नोडांच्या क्लस्टरमध्ये टायब्रेकर डिस्क, म्हणजे बरोबरी फोडणारी सामायिक डिस्क ठेवून काम भागवतात. जीएफएस२ चालवणाऱ्या, पेसमेकर या क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या क्लस्टरमध्ये कोरम गेल्यावर काय करायचे, याचे धोरण ‘फ्रीज’ (आहे तसे गोठवणे) ठेवण्याची शिफारस असते. नेहमीचे धोरण सगळे थांबवू पाहते. पण जीएफएस२ नीट अनमाउंट व्हायलाच कोरम लागतो.

एका नोडवरचे काम साधारण असे चालते. तो क्लस्टरचा किंवा फाइल सिस्टिमचा मॅनेजर असेल, तर ती जबाबदारी ‘एमएमसीएचएमजीआर’ने आधीच दुसऱ्याकडे द्यायची. मॅनेजर बंद पडला तर ती आपोआप दुसरीकडे जातेच, पण तेवढा वेळ सगळे वापरकर्ते खोळंबतात. मग नोडवरची कामे थांबवून ‘एमएमयूमाउंट’. इथे हमखास अडते. कोणीतरी महिन्यापूर्वी लॉगिन करून त्या डिरेक्टरीत शेल उघडा ठेवलेला असतो, किंवा लॉग गोळा करणारा एखादा एजंट फाइल धरून बसलेला असतो, आणि यंत्र ‘डिव्हाइस बिझी’ म्हणत राहते. उघड्या फाइल दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ने गुन्हेगार शोधायचा, त्याला घालवायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. जबरदस्तीचा अनमाउंट उपलब्ध आहे. घाईत असलेला माणूस तो वापरतो आणि मग जुने कर्नल मॉड्यूल मेमरीतून निघत नाही म्हणून शेवटी रीबूटच करतो. रीबूट धरूनच वेळेचा अंदाज बांधलेला बरा.

‘एमएमशटडाउन’ झाल्यावर नवी पॅकेजेस बसवली जातात आणि ‘एमएमबिल्डजीपीएल’ चालवावे लागते. जीपीएफएसचा मुख्य भाग बंदिस्त स्वरूपात मिळतो, पण लिनक्स कर्नलशी जोडणारा पातळ थर प्रत्येक कर्नलसाठी जागेवरच कंपाइल करावा लागतो. त्यासाठी चालू कर्नलच्या नेमक्या आवृत्तीची हेडर पॅकेजेस आणि कंपायलर नोडवर हवेत. पॅचच्या रात्री सर्वांत जास्त वेळ खाणारी पायरी हीच, आणि तिचे कारण बहुधा फाइल सिस्टिम नसतेच. त्याच संधीत ऑपरेटिंग सिस्टिमचेही सगळे अपडेट उरकून घेण्याचा मोह होतो, कर्नल विक्रेत्याने तपासलेल्या आवृत्तीच्या पुढे निघून जातो आणि थर कंपाइल होण्यास नकार देतो. दोन्ही बदल एकाच वेळी करायचे असतील तर सुसंगततेचा तक्ता आधी पाहावा आणि कर्नलची आवृत्ती बांधून ठेवावी.

आणखी एक खबरदारी रीबूटशी निगडित आहे. क्लस्टर सेवा आपोआप सुरू होण्याची सोय काम संपेपर्यंत बंद ठेवायची असते. नाहीतर अर्धवट पॅच झालेला नोड उठतो, क्लस्टरमध्ये शिरतो आणि हात घालायच्या आत फाइल सिस्टिम माउंट करतो. फेन्सिंग (बिघडलेल्या नोडला सक्तीने बाजूला काढण्याची सोय) असलेल्या क्लस्टरमध्ये उलट बाजूचा धोका असतो: सेवा रीतसर न थांबवता पॅकेज बदलायला घेतले आणि नोड थोडा वेळ गप्प झाला, तर सोबती तो मेला असे समजून त्याची वीजच तोडतात.

‘एमएमस्टार्टअप’नंतर ‘एमएमगेटस्टेट’मध्ये ‘ॲक्टिव्ह’ दिसले, की पुढच्या नोडकडे वळावेसे वाटते. जिथे फाइल सिस्टिम स्वतःच डेटाच्या दोन प्रती दोन वेगळ्या गटांतल्या डिस्कवर ठेवते, तिथे ही घाई महागात पडते. बंद असलेल्या सर्व्हरच्या डिस्क दरम्यान ‘डाउन’ ठरलेल्या असतात आणि त्या काळात झालेले लेखन फक्त दुसऱ्या प्रतीत असते. ‘एमएमसीएचडिस्क’ने त्या पुन्हा सुरू करून प्रती जुळेपर्यंत थांबावे लागते. तसे न करता दुसऱ्या गटातला सर्व्हर बंद केला, तर नव्या डेटाची एकमेव प्रत हातची जाते. ‘एमएमएलएसडिस्क’ला ‘-ई’ जोडून विचारले की फक्त गडबड असलेल्या डिस्क दिसतात. ही यादी रिकामी झाल्याशिवाय पुढे जायचे नाही.

लस्टरमध्ये सर्व्हर सहसा जोडीने असतात. एकाला पॅच लावताना त्याची डिस्क जोडीदार माउंट करतो आणि क्लायंट (फाइल सिस्टिम वापरणारी यंत्रे) नव्याने जोडले जाऊन डिस्कवर न पोहोचलेल्या विनंत्या पुन्हा पाठवतात. ही रिकव्हरी चालू असताना वाचन-लेखन थबकते, पण चालू प्रोग्राम सहसा मरत नाहीत. एखादा क्लायंट परत आलाच नाही तर ठरलेली मुदत संपेपर्यंत बाकीचे ताटकळतात. त्यामुळे बंद पडलेले कम्प्युट नोड (गणनेची कामे करणारे क्लायंट) आधीच यादीतून काढलेले चांगले.

अनेक महासंगणक केंद्रे ही सगळी कसरत टाळून सरळ सगळे बंद करतात. स्लर्मसारख्या शेड्युलरमध्ये, म्हणजे कामांना रांगेने यंत्र वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, देखभालीचे आरक्षण आधीच टाकले जाते. ज्या कामाची कालमर्यादा त्या वेळेच्या पलीकडे जाते ते काम सुरूच होत नाही, आणि ठरल्या घटकेला यंत्र आपसूक रिकामे झालेले असते. वापरकर्ते कुरकुरतात; पण दोन आवृत्त्यांच्या सहवासाचा प्रश्नच उरत नाही आणि शेकडो नोड एकदम करता येतात. चोवीस तास चालणाऱ्या बँकेला हा मार्ग परवडत नाही.

परतीचा दोर शेवटच्या पायरीवर कापला जातो. तोपर्यंत एखाद्या नोडवर जुने पॅकेज परत बसवून मागे येता येते. ‘एमएमसीएचकॉन्फिग रिलीज=लेटेस्ट’ दिल्यावर क्लस्टरची किमान पातळी वर जाते आणि जुन्या आवृत्तीचा नोड आत येऊ शकत नाही. त्यानंतर ‘एमएमसीएचएफएस -व्ही’ हे डिस्कवरच्या रचनेची आवृत्ती बदलते. त्याला ‘कॉम्पॅट’ सांगितले तर मागच्या आवृत्तीलाही चालतील एवढेच बदल होतात. ‘फुल’ सांगितले तर सगळे, आणि मग ही फाइल सिस्टिम दुरून माउंट करणारे दुसरे क्लस्टर अजून जुन्या आवृत्तीवर असतील तर त्यांना ती दिसेनाशी होते. केवळ दोषदुरुस्तीच्या फिक्स पॅकसाठी, म्हणजे आवृत्तीच्या चार आकड्यांपैकी फक्त शेवटचा बदलतो तेव्हा, या पायऱ्यांची सहसा गरज पडत नाही. मोठ्या बदलातही त्या त्याच रात्री उरकण्याची सक्ती नाही. काही दिवस नव्या सॉफ्टवेअरवर जुन्या पातळीने क्लस्टर चालवून पाहणे केव्हाही शहाणपणाचे, आणि त्या अवधीत दुरून माउंट करणाऱ्या क्लस्टरांच्या प्रशासकांना कळवूनही होते.