ट्रॅप कॅमेऱ्याची मांडणी

ट्रॅप कॅमेरा म्हणजे समोरून जनावर गेले की आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा. नावात सापळा असला तरी त्यात काहीही अडकत नाही. हरणांसारख्या बुजऱ्या प्राण्यांचा, विशेषतः त्यांच्या रात्रीच्या वावराचा, त्यांना न हुसकावता अभ्यास करायला याच्याइतके उपयोगी साधन क्वचितच सापडेल. मात्र कॅमेऱ्याला जंगल दिसत नाही. दिसतो तो पुढ्यातला काही मीटरांचा, पंख्यासारखा पसरलेला तुकडा. तो तुकडा कोणता, हे कॅमेरा लावणारा ठरवतो आणि पुढे मिळणारी सगळी माहिती त्या निवडीवर उभी राहते.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील जॉर्ज शायरस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशिगनमध्ये हरणांच्या वाटेवर दोरा ताणून ठेवला. जनावराचा धक्का लागला की फ्लॅश उडे आणि काचेवर चित्र उमटे. जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकात त्यांची ७४ छायाचित्रे छापली गेली. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात अशाच युक्तीने वाघ टिपले.

आजच्या कॅमेऱ्यात दोऱ्याची जागा उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरने घेतली आहे. तो अंगाची ऊब मोजत नाही; मागच्या पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू तो ज्या पट्ट्यांत पाहतो त्यांतून सरकली की तो जागा होतो. मांडणीचे बरेचसे नियम या एका गोष्टीतून निघतात. आडवे जाणारे हरीण तो चटकन ओळखतो, तर सरळ अंगावर चालत येणारे उशिरा. कडक उन्हात जमीन आणि खडक जनावराच्या अंगाइतके तापले की समोरून गेलेले जनावरही निसटते. आणि उन्हाने तापलेले गवत वाऱ्यावर डुलू लागले, की एका दुपारी शेकडो रिकामी चित्रे जमा होतात. म्हणून कॅमेऱ्यापुढचे उंच गवत आणि लोंबत्या डहाळ्या काढतात, पण तेवढ्याच. सगळी जागा साफ केली तर जनावर तो बदल ओळखते आणि वाट बदलते.

जागा निवडताना यंत्राआधी जमीन वाचावी लागते. खुरांचे ताजे ठसे, लेंड्या, खुडलेले शेंडे, नराने शिंगे घासून साल सोललेली झाडे, खारट माती चाटण्याच्या जागा, ओढ्याचा उतार, कुंपणाखालची फट, दोन टेकड्यांमधली खिंड या खुणा जिथे एकत्र येतात तिथे कॅमेरा लावावा. पाणवठा कोरड्या दिवसांत उत्तम, पण पाऊस झाला की पाणी जागोजागी मिळते आणि तीच जागा ओस पडते. त्या रानात रोज फिरणाऱ्या माणसांना विचारणे हा सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत फलदायी मार्ग आहे. व्हिएतनाममध्ये चंदेरी पाठीच्या पिसोरीची (सशाएवढ्या, हरणासारख्या दिसणाऱ्या जनावराची) जवळजवळ तीन दशके खात्रीची नोंद नव्हती. संशोधकांनी गावकऱ्यांकडून आणि वनरक्षकांकडून माहिती घेऊन आधी तीनच कॅमेरे लावले आणि ती पिसोरी मिळाली. हा शोध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

हरणांसाठी कॅमेरा साधारण गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीवर, वाटेपासून तीन ते पाच मीटरांवर बांधतात. फार जवळ लावला तर चित्रात नुसती पाठ किंवा पाय येतात. वाटेला काटकोनात लावण्यापेक्षा तिरपा, सुमारे ४५ अंशांत लावलेला बरा. जनावर चौकटीत जास्त वेळ राहते. उतारावर भिंगही उताराला समांतर हवे. तोंड उगवतीकडे किंवा मावळतीकडे असेल तर सूर्य थेट भिंगात येतो, म्हणून उत्तर गोलार्धात ते उत्तरेकडे आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे ठेवतात. खोड जाड निवडावे, कारण बारीक झाड वाऱ्यात हलते. शेवटी जनावराच्या उंचीला वाकून स्वतः समोरून चालून पाहावे आणि चित्र तपासावे. तारीख-वेळ मात्र त्याआधी लावलेली असावी; चुकीच्या घड्याळामुळे महिनाभराची मेहनत वाया जाते.

रात्रीच्या प्रकाशाची निवड हेतूवर अवलंबून आहे. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे लांबवर पोचतात, पण मंद लाल चमक दिसते. ९४० नॅनोमीटरचे दिसत नाहीत, मात्र त्यांचा पल्ला कमी. पांढरा फ्लॅश प्राण्याला दचकवू शकतो, पण अंगावरची नक्षी स्पष्ट हवी असेल तर तोच कामाचा. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असल्याने त्याच्यासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात.

मोजणीच्या बाबतीत सर्वाधिक गफलत होते. चित्रांची संख्या म्हणजे जनावरांची संख्या नव्हे. भारताच्या २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि वाघांची ७६,६५१ छायाचित्रे मिळाली. त्यांतून ओळख पटलेले वाघ होते २,४६१. हरणांत अशी ओळख अवघड असते. चितळाचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात आणि नर शिंगांवरून ओळखता येतात, पण शिंगे दरवर्षी गळतात, त्यामुळे ती ओळख एका हंगामापुरतीच. एकरंगी माद्या तर एकमेकींसारख्याच दिसतात. वैयक्तिक ओळख न पटवता घनता (दर चौरस किलोमीटरला किती जनावरे) काढण्याची एक पद्धत २००८ मध्ये मांडली गेली. तिची अट अशी, की कॅमेऱ्यांच्या जागा जनावरांच्या वावराशी संबंध न ठेवता नकाशावरून ठरवायच्या. म्हणजे सुंदर चित्रे देणारा पाणवठा इथे आकडा फुगवतो. छायाचित्र हवे की संख्या, हे कॅमेरा झाडाला बांधण्यापूर्वीच ठरवावे लागते. आमिषाचेही तसेच आहे: मीठ किंवा दाणे ठेवले की चित्रे वाढतात, पण एरवी विखुरलेली जनावरे एका जागी दाटून रोगांचा प्रसार होऊ शकतो.

कॅमेऱ्यापाशी वारंवार जाणे हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष. प्रत्येक फेरीत माणसाचा वास मागे राहतो आणि थोराड नर सहसा आधी ती वाट सोडतात. थंड प्रदेशात लिथियमच्या बॅटऱ्या जास्त टिकतात, त्यामुळे फेऱ्याही कमी होतात. कॅमेऱ्यात मुंग्या घर करतात, हत्ती तो उपटतात, माणसे चोरतात. लोखंडी पेटी आणि कुलूप यांतल्या काहींपासूनच वाचवते.

कॅमेऱ्यात वाटेने जाणारी माणसेही टिपली जातात, त्यामुळे जमिनीच्या मालकाची किंवा वनखात्याची परवानगी आणि मिळालेल्या चित्रांची गुप्तता हा या कामाचाच भाग आहे. दुर्मीळ प्राण्याचे नेमके ठिकाण चित्रासोबत जाहीर केल्यास ते शिकाऱ्याला आयतेच मिळते. शिकार कायदेशीर असलेल्या भागांतही हा प्रश्न उभा राहिला आहे: अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी अशा कॅमेऱ्यांचा वापर बंद केला.