दीडशेचा आकडा: निसर्गनियम की अंदाज?

माणसाचा मेंदू दीडशेपेक्षा अधिक जणांशी नाते सांभाळू शकत नाही, म्हणून कुठल्याही विभागात किंवा कारखान्यात त्याहून अधिक माणसे ठेवू नयेत, असे व्यवस्थापनाच्या वर्गांत वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे विधान ज्या ठामपणे केले जाते, तेवढा ठामपणा मूळ संशोधनात नाही.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९२-९३ मध्ये माकड-वानरांच्या मेंदूतील निओकॉर्टेक्सचे, म्हणजे विचारांशी निगडित बाहेरच्या थराचे, प्रमाण आणि त्यांच्या कळपांचा आकार यांचा संबंध जोडून, त्याच रेषेवर माणसाला बसवले, तेव्हा १४७.८ हा आकडा आला. पण सोबतची संभाव्य कक्षा साधारण १०० ते २३१ अशी होती, आणि तीच नेमकी सांगताना गळते. पुढे २०२१ मध्ये स्टॉकहोम विद्यापीठातील संशोधकांनी हेच गणित नव्या पद्धतींनी केले, तेव्हा एका पद्धतीने ही कक्षा ४ ते ५२० इतकी रुंद निघाली. एवढ्या कक्षेतून विभागाचा आकार ठरवणे धाडसाचेच.

गोअर-टेक्स हे जलरोधक कापड बनवणाऱ्या अमेरिकी गोअर कंपनीचा दाखला हमखास दिला जातो. तिथे कारखान्यांतील माणसे मर्यादित ठेवली जात हे खरे. मात्र कंपनीचे संस्थापक बिल गोअर यांनी तो निर्णय डनबार यांच्या निबंधाच्या कितीतरी आधी, लोक एकमेकांना ओळखेनासे होतात या स्वतःच्या अनुभवावरून घेतला होता.

डनबार यांच्या मांडणीमागचे उत्क्रांती मानसशास्त्र, म्हणजे माणसाचे वागणे उत्क्रांतीतून समजून घेणारे शास्त्र, टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नाही. माणूस केवळ पगाराचा हिशेब करून वागतो, या अर्थशास्त्रीय गृहीतकाला ओळख आणि विश्वास यांची जोड त्यानेही दिली. हे शास्त्र प्रश्न नेमका विचारते. नेमका आकडा मात्र देत नाही.