ग्रिन्यर्डचा उपसागर आणि त्यातलं बेट

उपसागर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंगालचा येतो. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरचा ग्रिन्यर्ड मात्र रस्त्याच्या एका वळणावरून अख्खा नजरेत मावतो. गेरलॉख आणि अलापूल या गावांमधला हा भाग. लिहिताना 'ग्रुइनार्ड', बोलताना 'ग्रिन्यर्ड'. नाव व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आलं, अर्थ 'उथळ फियॉर्ड', म्हणजे जमिनीत आत शिरलेली समुद्राची उथळ खाडी. तीन छोट्या नद्या इथे समुद्राला मिळतात आणि पुळणीला गुलाबीसर छटा आहे, कारण ती तांबड्या टॉरिडोनियन वालुकाश्माची झीज आहे. आजूबाजूचा करडा नाइस खडक तर युरोपातल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी, काही ठिकाणी 300 कोटी वर्षांपूर्वीचा. अशा जमिनीत पिकणार काय? माणसं बटाट्यावर आणि मेंढ्यांवर जगली.

1846 मध्ये बटाट्यावर करपा आला आणि हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या या डोंगराळ भागात, दुष्काळ पडला. मदत म्हणून रस्त्यांची कामं निघाली, मजुरी मिळे ती पिठाच्या मापात. डंडनेल गावावरून इकडे येणाऱ्या वाटेचा एक टप्पा आजही 'डेस्टिट्यूशन रोड', म्हणजे दैन्याचा रस्ता, म्हणून ओळखला जातो. दुष्काळी कामांची आठवण नावात इतकी उघड जपलेले रस्ते थोडेच असतील.

पण ग्रिन्यर्डचं नाव जगभर झालं ते किनाऱ्यापासून जेमतेम एक किलोमीटरवरच्या बेटामुळे. क्षेत्रफळ 196 हेक्टर. 1549 च्या सुमारास डोनाल्ड मनरो या धर्मगुरूने ते दाट झाडीचं आणि चोर-बंडखोरांना लपायला सोयीचं म्हणून नोंदवलं. 1881 च्या शिरगणतीत तिथे सहा माणसं होती, पुढे तीही गेली.

1942 मध्ये ब्रिटिश सरकारने हे ओसाड बेट ताब्यात घेतलं. जर्मनी जंतूंचा मारा करील या भीतीने पोर्टन डाउन या इंग्लंडमधल्या लष्करी संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी, पॉल फिल्डिस यांच्या नेतृत्वाखाली, अँथ्रॅक्सचा बॉम्ब करून पाहिला. अँथ्रॅक्स म्हणजे आपल्या मेंढपाळांच्या ओळखीची काळपुळी. बेटावर मेंढ्या बांधल्या, बॉम्ब फोडला आणि काही दिवसांत मेंढ्या मरू लागल्या. प्रयोग फारच यशस्वी झाला म्हणायचा, कारण जंतूंचे बीजाणू, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारं त्यांचं कवचबंद रूप, मातीत ठाण मांडून बसले. पुढे अलीकडच्या किनाऱ्यावरचीही जनावरं दगावली. मालकांना गुपचूप भरपाई देण्यात आली, खरं कारण न सांगता. जंतू घातलेल्या पेंडीच्या वड्या जर्मन गुरांसाठी लाखोंनी तयार झाल्या होत्या, त्या कधी वापरल्या गेल्या नाहीत.

त्यानंतर जवळपास अर्धं शतक बेटावर पाऊल ठेवायला बंदी होती. लोकांना समोर रोज दिसायचं ते एक बेट आणि त्यावरची धोक्याची पाटी. 1981 मध्ये 'डार्क हार्वेस्ट कमांडो' असं नाव घेणाऱ्या गटाने बेटावरची माती आणल्याचा दावा केला आणि एक पुडकं थेट पोर्टन डाउनच्या आवारालगत ठेवलं. कृत्य बेजबाबदार होतं यात शंका नाही. तरी वर्षानुवर्षं ढिम्म असलेला विषय त्यानेच वर्तमानपत्रांत आणला, हेही खरं.

1986 मध्ये सफाई सुरू झाली: फॉर्मल्डिहाइड या जंतुनाशक रसायनाचं 280 टन द्रावण समुद्राच्या पाण्यात मिसळून जमिनीवर फवारलं, सर्वांत दूषित माती उचलून नेली. मग तिथे मेंढ्या सोडल्या, त्याच प्राण्याला पुन्हा चाचणीसाठी. त्या धडधाकट राहिल्या. 24 एप्रिल 1990 रोजी संरक्षण खात्याच्या कनिष्ठ मंत्र्यांनी स्वतः बेटावर जाऊन पाटी काढली. पुढच्याच महिन्यात मूळ मालकाच्या वारसांनी बेट 500 पौंडांना परत विकत घेतलं.

2022 च्या मार्चमध्ये बेटावर वणवा पेटला आणि तो टोकापासून टोकापर्यंत किनाऱ्यावरून दिसत होता.